विसण

‘बोट घाला,’ नाना गायधनी म्हणाले.

मी घातलं. पहाटेचे पाच, जानेवारी महिना आणि गाव निफाड. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. त्या दिवशी ती बादलीत आली होती. बोट बाहेर काढल्यावर ते माझंच आहे याची खात्री करून घ्यावी लागली.

‘काय आहे हे?’

‘पाणी.’

‘कुठल्या नळाचं?’

‘गरम.’

‘लाल टिकलीचा नळ. टिकली तुम्हीच चिकटवलीत. आता तुमच्याच तोंडानं सांगा, हे पाणी गरम आहे?’

नाना निफाडच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. समन्स पाठवायची, जप्तीचं सामान मोजून घ्यायचं, यात सगळी नोकरी गेली. उलटतपासणी घ्यायची संधी मात्र एकदाही मिळाली नाही. ते काम वकिलांचं. ती हौस ते आता घरी भागवत होते. कमरेला पंचा, उघड्या अंगावर काटा, पण आवाजात कंप नाही.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘नोंद घ्या,’ नाना म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण न्हाणीच्या दारात आम्ही दोघंच होतो. मग त्यांनी मला बाहेर काढून दार लावलं. आतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ‘हर हर गंगे’, बऱ्याच वरच्या पट्टीत.

मी बाहेर थर्मामीटर धरून उभा राहिलो. त्या थर्मामीटरवर माझी नोकरी उभी होती.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. सूर्य फुकट आहे ही बातमी तेव्हा नाशिक जिल्ह्यात नुकतीच पोचली होती आणि खैरनार साहेबांनी ‘अरुणोदय सोलर’ काढून ती विकायला घेतली होती. मी फिजिक्सचा बी.एस्सी. म्हणजे पुढे काय करायचं हे न सुचलेला माणूस. खैरनारांनी मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले: अक्षर कसं आहे, आणि जोडाक्षरं चुकतात का. त्यांना माणूस हवा होता तो माहितीपत्रक लिहायला. मी लिहिलं. टाकी, काचेची पेटी, तांब्याच्या नळ्या असं सगळं झाल्यावर खाली थोडी जागा उरली, म्हणून मी एक वाक्य टाकून दिलं: ‘आता पहाटे बंब पेटवायला कुणी उठायला नको. तुमचं काम सूर्य आदल्या दिवशीच करून गेलेला असतो.’

खैरनार म्हणाले, ‘कविता नको होती. पण राहू दे, जागा भरतेय.’

दोन महिन्यांनी आमचा टाक्या बसवणारा माणूस मस्कतला गेला. खैरनारांनी मला बोलावलं. ‘पिंगळे, हे कसं चालतं ते तूच लिहिलंयस ना?’

‘हो, पण ते लिहिलंय फक्त.’

‘मग आता बसवही.’

सौरऊर्जेच्या क्षेत्रात मी असा उतरलो. हल्ली तरुण मुलं मला विचारतात, सर, तुम्ही इतक्या लवकर काळाची पावलं कशी ओळखलीत. मी त्यांना मस्कतचं सांगत नाही.

गायधनींची टाकी ही मी एकट्यानं हाताळलेली पहिली. मागणी नोंदवली होती त्यांच्या सुनेनं, उज्ज्वलावहिनींनी. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा बँकेत, बदलीवर रत्नागिरीला. नाशिकच्या प्रदर्शनात त्या आमच्या स्टॉलवर आल्या आणि माहितीपत्रक उभ्याउभ्याच वाचलं. टाकी किती लिटरची, गॅरंटी किती वर्षांची, काही नाही. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारलं, ‘हे खरं आहे?’

‘छापलंय म्हणजे खरंच,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. लिहिणाऱ्याकडे कुणी तसं पाहिलं की बरं वाटतं. मला वाटलं.

घर सिमेंटचं, साधं, एकमजली. टाकी गच्चीवर पुढच्या बाजूला, कारण ऊन तिथं. न्हाणी मागच्या अंगणाकडे. मधून सरळ पाइप टाकला असता तर काम सोपं होतं. मी आणि फिटर गच्चीवर खडूनं रेघ ओढतच होतो, तेवढ्यात नाना जिना चढून आले.

‘ही रेघ कुठून जाते?’

‘इथून तिथं. सरळ.’

‘खाली काय आहे?’

‘खोली.’

‘देवघर आहे. न्हाणीचं पाणी तुम्ही देवांच्या डोक्यावरून नेणार?’

मी म्हणालो, ते न्हाणीत जाणारं पाणी आहे, न्हाणीतून येणारं नव्हे. नाना म्हणाले, हा युक्तिवाद झाला. मग पाइप देवांना वळसा घालून न्यायचं ठरलं. गच्चीच्या कडेनं, उत्तरेच्या भिंतीवरून खाली, स्वयंपाकघराच्या मागून, अंगणाला फेरी मारून न्हाणीत. आणि पाइप जाड, कारण नानांना धार चांगली लागते. फिटर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही एवढं एकच तत्त्व मला खैरनारांनी शिकवलेलं होतं.

काम संपलं तेव्हा दुपार होती. नळ सोडला, जरा वेळानं वाफा आल्या, नानांनी बोट घातलं आणि लगेच काढून फुंकलं. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, दारातून बघत होत्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले. अंगणातला तांब्याचा बंब उचलून माळ्यावर ठेवायला मीच हात लावला.

तीन आठवड्यांनी नानांचं पत्र आलं. ‘आपण बसविलेल्या यंत्रातून गरम पाणी येत नाही. सबब यंत्र आठ दिवसांत काढून न्यावे.’

मी निफाडला गेलो. पोचेपर्यंत अकरा वाजले होते. नळ सोडला, पाणी कढत.

‘येतंय की, नाना.’

‘आत्ता येतंय. साक्षीदार कोर्टाबाहेर काहीही बोलतो. पहाटे पाचला बोलवा त्याला.’

‘बाकी कुणाची तक्रार आहे?’

‘विचारा ना. घर तुमचंच समजा.’

मी काकूंना विचारलं. त्या ओट्याशी भाकरी थापत होत्या.

‘काकू, तुम्हाला पाणी मिळतं का आंघोळीला?’

‘येतं की.’

‘गरम असतं?’

काकूंनी माझ्या मागे उभ्या असलेल्या नानांकडे बघितलं, मग तव्याकडे बघितलं. ‘येतं की,’ त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर नाना खालच्या आवाजात म्हणाले, ‘बघितलंत? ती बोलायची नाही.’

उज्ज्वलावहिनी शाळेतून आल्यावर वह्या तपासत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मला सकाळी घाई असते हो. पाण्याकडे लक्ष कुठं असतं?’ हे बोलताना त्यांनी एका वहीत दोनदा बरोबरची खूण केली.

मी गच्चीवर जाऊन काचा पुसल्या, टाकीवर थाप मारली आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा काचा पुसल्या. तिसऱ्या पत्रानंतर खैरनारांनी बोलावलं.

‘निफाड कोर्टातले वकील टाकी घ्यायची की नाही ते गायधनींना विचारून ठरवणार आहेत. ठाऊक आहे ना?’

‘हो.’

‘आणि ही टाकी परत आली तर ती टेम्पोतून उतरवून घ्यायला तू इथं नसशील. तेही ठाऊक असू दे.’

म्हणून मी आदल्या संध्याकाळीच निफाडला जाऊन पुढच्या खोलीत मुक्काम केला होता, आणि आता न्हाणीबाहेर उभा होतो.

नाना बाहेर आले. ओठ निळे, चेहरा विजयी. ‘आता पूजा. मग पडवीत बसू. तुमचं काय म्हणणं असेल ते तयार ठेवा,’ असं म्हणून सोवळं नेसायला गेले.

मी गच्चीवर पळालो. टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावला आणि चटका बसला. आत शंभरावर लिटर कढत पाणी, खाली गारठलेला नाझर, आणि मधे फक्त मी टाकलेला पाइप. फिजिक्सच्या तीन वर्षांत असा प्रश्न आला नव्हता. आला असेल तर मी तो सोडून दिला असावा.

मागच्या जिन्यानं अंगणात उतरलो तर न्हाणीत पुन्हा पाण्याचा आवाज. नानांची आंघोळ होईपर्यंत या घरात न्हाणीचा नळ कुणी सोडायचा नाही, असा नियम होता. तो कुणी केला हे कुणालाच आठवत नसल्यामुळे तो मोडणं अवघड होतं. नानांच्या नंतर शाळेला जायचं म्हणून उज्ज्वलावहिनी. सगळ्यांत शेवटी काकू, कारण त्या आंघोळीनंतर कपडे धुऊन न्हाणी घासूनच बाहेर पडत.

मी सहज वर बघितलं. न्हाणीच्या झरोक्यातून वाफ येत होती. चांगली दाट. निफाडच्या त्या गारठ्यात ती सरळ वर जात होती, घाई नसल्यासारखी.

मी पाइपाकडे बघितलं. देवघराला घातलेला वळसा, उत्तरेची सावलीतली भिंत, अंगणाची फेरी. रात्रभर त्या सगळ्या पाइपात कालचं पाणी उभं राहत होतं आणि निफाडसारखंच गार होत होतं. सकाळी जो पहिला नळ सोडेल त्याला ते मिळणार, टाकीतलं त्याच्या मागून येणार. जाड पाइप आणि एवढी लांबी. मनात हिशेब केला तर गार पाणी बरोबर एक बादली भरत होतं. आणि नाना बारा महिने एकाच बादलीत आंघोळ करत. दुसरी बादली ते चैनीत धरत, आणि पाणी नुसतं सोडून देणं तर पापातच. म्हणजे देवघर, धार, पहिला मान आणि काटकसर अशा चार गोष्टी एकत्र आल्यामुळे त्या घरात सूर्य फक्त एकाच माणसापर्यंत पोचत नव्हता.

उज्ज्वलावहिनी ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन बाहेर आल्या आणि मला झरोक्याकडे तोंड करून उभा बघून थबकल्या.

‘काय बघताय?’

‘वाफ.’

‘कळलं म्हणायचं.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘दुसऱ्याच दिवशी कळलं. नानांचं “हर हर” ऐकलं, आणि मी गेले तर मला पाय पोळला.’

‘मग सांगितलं का नाही? मी दोन वेळा काचा पुसून गेलो.’

त्यांनी साडी दोरीवर टाकली, टोकं ओढून नीट केली. ‘काय सांगायचं? आधी एक बादली काढून ठेवा म्हणजे पुढचं गरम येतं, असंच ना?’

‘हो. साधी गोष्ट आहे.’

‘कोण काढणार ती बादली?’

त्यांनी दुसरा कपडा झटकून दोरीवर टाकला.

‘नाना पाचला जातात. म्हणजे साडेचारला कुणीतरी उठून बादली काढायची. बंब होता तेव्हा मी चारला उठत होते. गोवऱ्या, भुसा, धूर. डोळे चोळत शाळेत जायचे. पोरं विचारायची, बाई रडल्या का.’ त्या हसल्या नाहीत. ‘तुमच्या कागदावर काय लिहिलंय? “कुणी उठायला नको.” असंच लिहिलंय ना?’

‘हो.’

‘तुम्ही लिहिलंय?’

आयुष्यात पहिल्यांदा मला वाचक भेटला होता, आणि तो पुरावा घेऊन आला होता. ‘हो,’ मी म्हणालो.

‘मग नानांना दुसरं काहीतरी सांगा. तुम्हाला जमतं.’

‘नाहीतर ते टाकी परत पाठवतील, वहिनी. मग बंब खाली येईल.’

‘म्हणूनच म्हणते, चांगलं काहीतरी सांगा.’ आणि रिकामी बादली उचलून त्या आत गेल्या.

पूजा होऊन पडवीत चहा येईपर्यंत मी एक चांगलं काहीतरी तयार केलं. उत्तरायणात सूर्याचा कोन बदलतो, त्यामुळे पहिला महिनाभर यंत्र पहाटे जरा मंद असतं, फाल्गुनात आपोआप सुधारतं. ऐकायला बरं होतं. फाल्गुनात थंडी जाणारच होती, म्हणजे सुधारणाही दिसली असती. तोवर नोकरी टिकली असती, वहिनींची झोपही. फक्त नानांनी रोज एक बादली गार पाणी अंगावर घ्यायचं, आणि तसे ते घेतच होते.

नाना आरामखुर्चीत बसले. समोर स्टुलावर मी. वहिनी शाळेची पिशवी भरत दाराशी, आणि काकू आंघोळ, कपडे उरकून खाली बसून मटार सोलत होत्या. त्यांचे हात पाण्यानं लालसर झाले होते.

‘पिंगळे, तुम्ही बोलण्यापूर्वी माझं म्हणणं ऐकून घ्या,’ नाना म्हणाले. ‘माझी तक्रार माझ्यासाठी नाही.’

‘म्हणजे?’

‘मी गार पाण्यानं करीन. वय झालं तरी अंगात रग आहे. पहिला आठवडा मी चकार शब्द काढला नाही. पण मला एक सांगा, जो पहिला जातो त्याला ही गत, तर जो शेवटी जातो त्याला काय मिळत असेल?’

मी काकूंकडे बघितलं. त्या मटार सोलत होत्या.

‘हिचे सांधे धरतात,’ नाना म्हणाले. आवाज जरा खाली आला. ‘थंडीत तर जिना चढवत नाही. मी विचारतो, पाणी कसं होतं. म्हणते, येतं की. हिचं असंच. मेली तरी बोलायची नाही. म्हणून मी लिहिलं तुम्हाला. मशीन न्या. बंब होता तो बरा होता.’

उत्तरायण माझ्या तोंडात होतं ते तिथंच राहिलं. मी वहिनींकडे बघितलं. त्यांचा पिशवीतला हात थांबला होता.

‘बंबातसुद्धा,’ नाना पुढे म्हणाले, युक्तिवादाला जोर यावा म्हणून, ‘पहिल्याला कढत, मधल्याला बरं आणि शेवटच्याला कोमटच उरतं. ते एक वेळ ठीक. पण इथं पहिल्यालाच...’

‘कोमट नाही हो,’ काकू म्हणाल्या.

नाना थांबले. ‘काय?’

‘कोमट नाही. गार. तुमचं झालं, मुलांचं झालं, पाहुणे असले तर त्यांचं झालं, की आत गार पाणी भरायचं आणि विस्तव गेलेला असायचा. राखेवर किती तापणार?’ काकूंनी एक शेंग फोडली. ‘गारच असायचं.’

‘कधी बोलली नाहीस.’

‘तुम्हाला ठाऊक नाही असं वाटायचं.’

समोरच्या घरात रेडिओवर बाजारभाव लागले होते, कांदा लासलगाव इतका, कांदा पिंपळगाव इतका. काकूंनी दाणे वाटीत टाकले आणि पुढची शेंग घेतली.

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,’ त्या म्हणाल्या. रागानं नाही. हरवलेली वस्तू घरातच होती असं कळल्यावर बोलतात तसं.

नाना माझ्याकडे वळले. बहुधा त्या क्षणी बघायला सोपा असा पडवीत मी एकटाच होतो. ‘तुमचं म्हणणं मांडा.’

मी खरं ते मांडलं. पाइप, वळसा, रात्रीचा गारठा, बरोबर एक बादली. पहिल्याला गार आणि मागच्यांना कढत. शेवटच्याला सगळ्यात कढत.

नाना ऐकत होते. मग त्यांनी काकूंना विचारलं. विचारताना कोर्टातला सूर लावायचा प्रयत्न केला, पण तो लागला नाही. ‘हे म्हणतात ते खरं?’

‘वाफा येतात,’ काकू म्हणाल्या. ‘विसणाला गार पाणी घ्यावं लागतं. या घरात आल्यापासून मला विसण कधी लागलं नव्हतं. कढत पाण्यात गार घालायचं ते माहेरी, लग्नाआधी. पहिल्या दिवशी तांब्या घेऊन नुसतीच बसले, किती घालायचं तेच आठवेना.’

‘आणि मला सांगितलं नाहीस.’

‘विचारलंत की, पाणी येतं का. येतं म्हटलं.’

नानांनी चहाची बशी उचलली, रिकामी आहे हे बघून खाली ठेवली. त्यांचा चेहरा आता नाझरासारखा राहिला नव्हता, पण दुसऱ्या कशासारखा व्हावा हे त्याला कळत नव्हतं. मग वाट सापडल्यासारखे ते म्हणाले, ‘ठीक आहे. यात अडचण काय आहे? एक बादली आधी काढून ठेवली की झालं. उज्ज्वला साडेचारला उठेल, आणि...’

‘उज्ज्वला उठणार नाही,’ काकू म्हणाल्या.

आवाज तोच, मटाराएवढाच. पण त्या घरात तो आवाज यापूर्वी वाक्याच्या मधे आलेला नसावा, कारण नाना पुढचं वाक्यच विसरले. वहिनी पिशवीत बघत राहिल्या.

‘मग तू?’

‘मीही नाही.’

पिंपळगावचा कांदा संपून द्राक्षं सुरू झाली. नाना उठले, पडवीच्या टोकापर्यंत गेले, उत्तरेच्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाकडे बघून आले.

‘निकाल राखून ठेवलाय,’ ते म्हणाले, आणि मंडईत गेले.

वहिनी चपला घालताना माझ्याजवळ थांबल्या. मला वाटलं, दुसरं काही सांगितलं नाही म्हणून रागावतील. म्हणाल्या, ‘त्यांनी पाठवलाच बंब खाली, तर तुमच्या पुढच्या कागदावर ते वाक्य छापू नका.’ आणि शाळेत गेल्या.

मी नाशिकला आलो आणि खैरनारांना खरं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे टाकी चालू आहे आणि गिऱ्हाईक बंद आहे.’ नोकरीचं काहीच बोलले नाहीत. न बोलणं ही त्यांची मुदत देण्याची पद्धत होती. मी आठवडाभर रोज टपालाची वाट बघितली. निफाडचं पत्र आलं नाही. टाकी काढून न्या असंही आलं नाही, राहू द्या असंही नाही.

मग मीच एक उपाय काढला. बारीक पाइप घ्यायचा, देवघर सोडून स्वयंपाकघरावरून आणायचा, लांबी निम्म्याहून कमी. गार पाणी दोन तांबे निघेल फार तर. कुणी लवकर उठायला नको, कुणी मागे राहायला नको. तसा पाइप घेऊन, यावेळी फिटरला न सांगताच, मी पहाटेच्या पहिल्या एसटीनं निफाडला गेलो.

पोचलो तेव्हा उजाडत होतं. मागच्या अंगणातून गेलो. माळ्यावरून बंब उतरलेला दिसला. मग नीट बघितलं. त्यात तुळशीचं रोप लावलेलं होतं.

न्हाणीच्या झरोक्यातून वाफ येत होती. आतून काकू काहीतरी गुणगुणत होत्या. वहिनी खिडकीतून दिसल्या. केस विंचरत होत्या. डोळे लाल नव्हते.

नाना पडवीत होते. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, हात काखेत. पूजा आटोपलेली दिसत होती.

‘या,’ ते म्हणाले. ‘हे काय आणलंत?’

‘बारीक पाइप. स्वयंपाकघरावरून नेतो. पहिली बादलीसुद्धा गरम येईल.’

‘देवघर?’

‘लागत नाही वाटेत.’

‘तेव्हा का नाही सुचलं?’

‘तेव्हा तुम्हाला धार हवी होती.’

नानांनी तो पाइप हातात घेतला, एका टोकातून आत डोकावून बघितलं, आणि परत दिला.

‘आहे तो पाइप राहू द्या.’

‘पण नाना, पहिली बादली...’

‘पहिली बादली माझी आहे,’ नाना म्हणाले. ‘आजवर माझीच होती. तीत फेरफार करायचं कारण नाही. तुमच्या साहेबांना सांगा, मशीन उत्तम आहे. वकील मंडळींना मी बोललोय.’

वकील मंडळींनी त्या वर्षी चौदा टाक्या घेतल्या आणि माझी नोकरी पक्की झाली. पुढे अरुणोदय बंद पडली, मी माझं काम सुरू केलं, पाण्यावरून विजेवर आलो. आता आमची मुलं मोबाइलवर सूर्याचा कोन काढतात आणि गच्च्या मापायला ड्रोन उडवतात. मी अजूनही टेप काढण्याआधी घरात जाऊन एक प्रश्न विचारतो: इथं शेवटची आंघोळ कोण करतं? गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा सर्किट आहे. मुलं माना खाली घालतात. पण दहातल्या नऊ घरांत उत्तर यायला वेळ लागतो, आणि उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक स्वयंपाकघरातून बाहेर येते.

त्या दिवशी मी पाइप पुन्हा गुंडाळला. काकू आंघोळ करून ओट्याशी गेल्या होत्या. आतून त्यांचा आवाज आला.

‘पिंगळे, चहा घेणार ना?’

‘हो काकू.’

‘आलं घालू? आज गारठा फार आहे.’

‘घाला.’

जरा वेळ भांड्यांचा आवाज झाला. मग काकू पुन्हा म्हणाल्या, ‘नानांना विचारा हो, आज पाणी कसं होतं.’

मी नानांकडे बघितलं. त्यांनी मफलर कानावर ओढून घेतला. नाकाचा शेंडा अजून लाल होता.

‘नाना,’ मी विचारलं, ‘पाणी?’

नाना अंगणातल्या तुळशीकडे बघत होते.

‘येतं की,’ ते म्हणाले.